चाक आणि हब यांच्यामधील चकती

मोटारींच्या सजावटीचे सामान विकणाऱ्या दुकानांत काचेच्या कपाटात एक चकचकीत चकती मांडून ठेवलेली असते. रंग बहुधा रुपेरी, क्वचित तांबडा किंवा काळा. मधोमध एक मोठे भोक, त्याच्याभोवती चार, पाच किंवा सहा लहान भोके. जाडी कधी नाण्याएवढी, तर कधी दोन बोटांएवढी. हिला स्पेसर म्हणतात. गाडीचे चाक काढावयाचे, ही चकती हबवर बसवावयाची आणि तिच्यावर चाक पुन्हा चढवावयाचे, म्हणजे चकतीच्या जाडीइतके चाक गाडीच्या अंगापासून बाहेर सरकते. दिसावयास यापेक्षा साधा बदल मोटारीत दुसरा नसेल. परंतु हा बदल गाडीच्या नेमक्या ज्या सांध्यात होतो, त्या सांध्यावर आत बसलेल्या माणसांचे प्राण अवलंबून असतात. तेव्हा चकती विकत घेण्यापूर्वी तो सांधा कसा काम करतो हे समजून घेणे अगत्याचे आहे.

बैलगाडीचे चाक आखावर चढवलेले असते आणि ते निसटू नये म्हणून आखाच्या टोकाशी खीळ मारलेली असते. भार आखावरून तुंब्यावर जातो. खिळीकडे केवळ राखणदारीचे काम असते. मोटारीचे चाकही असेच चारपाच बोल्टांवर टांगलेले असावे, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नव्हे. हबमधून बाहेर आलेल्या आटेदार खुंट्यांना, म्हणजे स्टडांना, नट आवळले की स्टड किंचित ताणले जातात. आणि ताणलेल्या रबरी पट्ट्याप्रमाणे पूर्वस्थितीला येऊ पाहताना ते चाकाला हबच्या तोंडावर घट्ट दाबून धरतात. त्या दाबामुळे दोन धातूंच्या सपाट तोंडांमध्ये जे घर्षण उत्पन्न होते, तेच गाडीचा भार, ब्रेकचा झटका आणि खड्ड्यांचे दणके पेलते. स्टड स्वतः आडवा भार घेण्यासाठी नसतात. तो भार त्यांच्यावर येऊ लागला, म्हणजे सांधा बिघडला असे समजावे.

थोडा हिशेब केला तर हे अधिक स्पष्ट होईल. १२ मिलिमीटर जाडीचा स्टड १०० न्यूटन-मीटर, म्हणजे सुमारे १० किलोग्रॅम-मीटर इतका पीळ देऊन आवळला, तर त्याच्यात साधारणपणे ४ टनांचा ताण निर्माण होतो. पाच स्टडांचे मिळून २० टन झाले. दोन तोंडांमधील घर्षणांक अवघा ०.१५ धरला, तरी चाकाला जागचे हलवावयास ३ टनांचे बळ लागेल. आणि मध्यम आकाराच्या गाडीच्या एका चाकावर उभ्या स्थितीत येणारा भार ४०० किलोंच्या आतबाहेर असतो. इतकी सवड कारखान्याने ठेवलेली असते. परंतु हा ४ टनांचा ताण निर्माण करताना तो स्टड लांबतो किती? त्याचा ताणला जाणारा भाग २५ मिलिमीटर धरला, तर मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या हिश्शाइतका. ही लांबी जेथून आली तेथेच परत गेली, की सारा ताण संपला. रंगाचा एक जाडसर थर एवढाच असतो. हबच्या तोंडावर गंजाची पापडी, वाळलेला चिखल किंवा चकतीवर दिलेला जाड रंग राहिला आणि चार दिवसांच्या धावेत तो चुरडून बसला, तर नट जेथल्या तेथे असूनही चाक सैल झालेले असेल.

स्पेसरसंबंधीचे जवळजवळ सर्व नियम या एका गोष्टीतून निघतात. मूळ रचनेत धातूला धातू भिडण्याची जागा एकच असते. चकती आली की अशा जागा दोन होतात. घाण अडकावयास, गंज चढावयास आणि ताण उतरावयास दोन ठिकाणे मिळतात. चकती उत्तम असेल आणि बसवणारा दक्ष असेल, तर या दोन्ही जागा एका जागेइतक्याच भरवशाच्या राहू शकतात. मात्र त्यासाठी आपोआप काही होत नाही.

आता ही चकती हवी तरी कशाला? कारणे तीनचार आहेत आणि त्यांची योग्यता सारखी नाही. पहिले कारण अडचणीचे. मूळच्यापेक्षा रुंद टायर घातले, तर त्यांची आतील कड स्प्रिंगला, शॉक ॲब्सॉर्बरला किंवा सस्पेन्शनच्या दांड्याला घासू लागते. दुसरे, मोठे ब्रेक बसवल्यास त्यांचा कॅलिपर रिमच्या आतील बाजूस लागतो. ही दोन्ही कारणे समजण्यासारखी आहेत. तिसरे कारण केवळ रूपाचे: चाके मडगार्डच्या कडेशी येऊन भिडली, की गाडी पाय रोवून उभी असल्यासारखी दिसते. चौथे, चाकांमधील अंतर वाढल्याने गाडी उलटण्याचा धोका कमी होतो, ही समजूत.

या समजुतीत तथ्य आहे, पण थोडे. २०२३ मध्ये भारतात विक्रीस आलेल्या पाच दारांच्या मारुती सुझुकी जिम्नीचे उदाहरण घ्यावे. डोंगरवाटांची हौस असलेल्या मंडळींत या गाडीला स्पेसर लावण्याची चाल आहे. तिच्या पुढल्या दोन चाकांमधील अंतर १,३९५ मिलिमीटर आहे. दोन्ही बाजूंना २५ मिलिमीटरची चकती घातली की ते १,४४५ होते. म्हणजे वाढ साडेतीन टक्क्यांच्या आसपास. परंतु याच मंडळींना गाडी उंच करण्याचीही हौस असते. गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर आहे असे मानले आणि तो ५ सेंटिमीटरने वर चढवला, तर उंचीची वाढ सात टक्क्यांहून अधिक होते. चकतीने मिळवलेले सगळे तर गेलेच, वर पदरचेही गेले. उंच केलेल्या गाडीला चकती लावून ती पूर्वीपेक्षा स्थिर झाली असे सांगणारा विक्रेता निम्मेच गणित सांगत असतो.

याच गाडीत टायर घासण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. मूळचे टायर १९५/८० आर १५ या मापाचे. त्याऐवजी २१५/७५ आर १५ घातले, तर टायर २० मिलिमीटरने रुंद होतो; त्यातले साधारण १० मिलिमीटर आतल्या बाजूस जातात आणि स्टिअरिंग पूर्ण वळवले असता टायर पुढल्या आसाला धरून ठेवणाऱ्या दांड्याजवळ जातो. चकती घातली की तो तेथून दूर होतो हे खरे. परंतु वळताना त्याची बाहेरील कड आता मोठ्या वर्तुळावरून फिरते आणि बंपरच्या कोपऱ्याला किंवा मडगार्डच्या अस्तराला लागू पाहते. आतले घासणे बाहेर नेले, एवढेच कित्येकदा घडते. म्हणून चकती घेण्यापूर्वी गाडी उभी करून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवून, आतले व बाहेरचे अंतर पट्टीने मोजून पाहावे. आणि गाडी भारल्यावर स्प्रिंगा दबल्या, म्हणजे चाक आणखी वर येते हे विसरू नये. दहा मिलिमीटरने काम होत असेल तेथे तीस मिलिमीटरची चकती घेणे म्हणजे संकट विकत घेणे होय.

चाक बाहेर सरकण्याचे परिणाम टायरच्या कडेपाशी थांबत नाहीत. प्रत्येक रिमला एक माप असते, त्याला ऑफसेट म्हणतात: रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला भिडणारे तोंड यांमधील अंतर. बहुतेक रिमांवर ते 'ईटी' या अक्षरांपुढे मिलिमीटरमध्ये कोरलेले असते. ४५ ऑफसेटच्या रिममागे २० मिलिमीटरची चकती घातली, की ती गाडी २५ ऑफसेटची रिम लावल्याप्रमाणे वागू लागते. हे माप कारखान्याने सहज ठरवलेले नसते. चाकाचा भार हबमधील बेअरिंगच्या दोन रांगांवर विभागला जावा, अशा बेताने ते ठरते. सोपे करून सांगावयाचे, तर दोन रांगांत ४० मिलिमीटर अंतर आहे आणि भार बरोबर मध्यावर येतो असे समजावे. प्रत्येक रांगेवर निम्मा भार आला. तो भार ३० मिलिमीटर बाहेर नेला, तर तरफेच्या नियमाने बाहेरल्या रांगेवर पूर्ण भाराच्या सव्वापट ओझे येते आणि आतली रांग उलट दिशेने उचलली जाऊ लागते. प्रत्यक्ष बेअरिंगची रचना याहून गुंतागुंतीची असते. परंतु जाड चकतीच्या गाड्यांची बेअरिंगे लवकर का गुणगुणू लागतात, हे या तरफेवरून ध्यानात येईल. ज्या गाड्यांची चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर असतात, त्यांच्या स्प्रिंगांवरही हीच तरफ काम करते आणि गाडी किंचित बसते. जिम्नीसारख्या सलग आसाच्या गाडीत हा दुसरा परिणाम नाही; बेअरिंगचा मात्र आहे.

याहून सूक्ष्म गोष्ट स्टिअरिंगची आहे. पुढचे चाक ज्या कलत्या अक्षाभोवती वळते, तो अक्ष खाली वाढवला तर जमिनीला एका बिंदूत मिळतो. त्या बिंदूपासून टायरच्या टेकण्याच्या मध्यापर्यंतचे अंतर फार मोलाचे असते. मध्य बिंदूच्या बाहेर असेल, तर ब्रेक दाबताच चाक बाहेरच्या बाजूस वळू पाहते. आत असेल तर उलट. दोन्ही चाकांना सारखी पकड असेपर्यंत या ओढी एकमेकींना मारतात. परंतु एक चाक डांबरावर आणि दुसरे साइडपट्टीच्या मुरमावर असताना ब्रेक दाबला, तर पकड असलेले चाक गाडीला आपल्या बाजूस खेचते. अशा वेळी स्टिअरिंगने आपोआप उलट दिशेची मदत करावी म्हणून टायरचा मध्य मुद्दाम बिंदूच्या आत ठेवण्याची योजना पुढील चाकांनी चालणाऱ्या अनेक गाड्यांत असते. १९७२ च्या आउडी ८० या गाडीने ती प्रसिद्धीस आणली. ब्रेकच्या दोन नळ्या तिरक्या जोडलेल्या असतात, आणि त्यांतील एक निकामी झाली तरी गाडी सरळ राहावी, हाही त्यात हेतू असतो. हे अंतर थोड्याच मिलिमीटरचे असते. चकतीची सगळी जाडी त्यात मिळते आणि आतला बिंदू बाहेरचा होऊन जातो. रोजच्या चालवण्यात वाहनधारकाला काहीच जाणवत नाही. जाणवते ते आणीबाणीच्या एका क्षणी. या कारणासाठी लहान कौटुंबिक गाडीच्या पुढल्या चाकांना निव्वळ शोभेकरिता जाड चकती लावणे कोणत्याही प्रकारे समर्थनीय नाही.

हे सर्व लक्षात घेऊनही चकती हवीच असेल, तर निवड दोन जातींतून करावयाची असते. पहिली जात नुसत्या चकतीची: ती मूळ स्टडांवर सरकवतात आणि तेच नट पुन्हा लावतात. पातळ चकती निरुपद्रवी, असा समज या जातीमुळे पसरला आहे. वस्तुतः फसगत येथेच अधिक होते. नटाने स्टडाचे निदान स्टडाच्या जाडीइतके तरी आटे धरावेत असा यंत्रशास्त्रातील संकेत आहे. १२ मिलिमीटरचा स्टड आणि सव्वा मिलिमीटरचा आटा असेल, तर सुमारे दहा पूर्ण फेरे झाले. ५ मिलिमीटरची चकती यांतले चार फेरे खाऊन टाकते. नट हाताने फिरवून फेरे मोजावेत; ते कमी भरले, तर लांब स्टड बसवून घेतल्याखेरीज ती चकती लावू नये. ज्या युरोपीय गाड्यांत स्टड नसून चाकातून हबमध्ये बोल्ट जातात, त्यांना चकतीच्या जाडीइतके लांब बोल्ट घ्यावे लागतात. मात्र हेच बोल्ट पुढे कधी चकतीवाचून वापरले, तर त्यांची टोके हबच्या मागे निघून ब्रेकच्या भागांना लागण्याचा संभव असतो. म्हणून मूळचे बोल्ट गाडीतच जपून ठेवावेत.

दुसऱ्या जातीच्या चकतीला स्वतःचे स्टड असतात. ती मूळ स्टडांवर तिच्या नटांनी आवळावयाची आणि चाक तिच्या स्टडांवर. नटांची डोकी चकतीत पूर्ण बुडावयास हवीत, म्हणून ही जात साधारणतः २० ते २५ मिलिमीटरपेक्षा पातळ करता येत नाही. मूळ स्टडांची टोके चकतीच्या तोंडाबाहेर डोकावत असतील, तर चाकाच्या मागील बाजूस त्यांना सामावणारे खळगे आहेत की नाहीत हे आधी पाहावे. नसतील तर चाक चकतीला न भिडता त्या टोकांवर बसेल, आणि नट कितीही आवळले तरी तो आवळल्याचा देखावाच ठरेल. धातू ॲल्युमिनियमचा असो वा पोलादाचा, तो ओतीव नसावा. ठोकून घडवलेला किंवा घडीव ठोकळ्यातून कातलेला असावा. ६०६१ किंवा ७०७५ या क्रमांकांचे ॲल्युमिनियमचे मिश्रधातू या कामी वापरतात. निर्मात्याचे नाव, जाडी आणि मापे चकतीवर कोरलेली नसतील, तर ती कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी.

मापांत दोन महत्त्वाची. स्टड ज्या वर्तुळावर मांडलेले असतात त्याचा व्यास, आणि मधल्या भोकाचा व्यास. जिम्नीत पाच स्टड १३९.७ मिलिमीटरच्या, म्हणजे जुन्या हिशेबाने साडेपाच इंचांच्या वर्तुळावर असतात; विलीस जीपचेही माप हेच होते. स्विफ्टमध्ये चार स्टड १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर. ९८ आणि १००, किंवा ११२ आणि ११४.३ ही मापे डोळ्यांना सारखीच दिसतात आणि ओढूनताणून नट चढतातही. पण स्टड वाकडे ताणले जातात आणि कालांतराने मोडतात. मधले भोक हबच्या उंचवट्यावर खेळ न राहता बसले पाहिजे, आणि चकतीच्या बाहेरील तोंडावर तसाच उंचवटा चाकासाठी असला पाहिजे. हा उंचवटा चाकाला मध्यावर धरतो. तो नसेल, तर चाक केवळ नटांच्या भरवशावर मध्य शोधते आणि वेग वाढला की स्टिअरिंग थरथरू लागते. दोन चकत्या एकीवर एक ठेवून हवी ती जाडी साधणे, ही गॅरेजांतून आढळणारी युक्ती तर सर्वथा त्याज्य आहे.

बसवण्याच्या कामाला घाई सोसत नाही. सपाट व टणक जमिनीवर गाडी उभी करून, दुसऱ्या बाजूच्या चाकांना अटकाव लावून, चाक जमिनीवर असतानाच नट सैल करावेत; मग गाडी जॅकने उचलून खाली मजबूत घोडी द्यावी. केवळ जॅकवर टेकलेल्या गाडीशेजारी हे काम करू नये. हबचे तोंड, उंचवटा आणि चाकाची मागची बाजू तारेच्या ब्रशाने धातू चमकेपर्यंत घासावी. ड्रम किंवा डिस्क धरणारा एखादा लहान स्क्रू डोके वर काढून असेल, तर चकती त्याच्यावर डुगडुगेल. तिला खोबण हवी. चकती हाताने बसवून ती डुलत नाही ना, हे दाबून पाहावे. समुद्रकाठच्या गावांत, मग ते कोकणातील असो वा कोरोमंडल किनाऱ्यावरील, खाऱ्या दमट हवेत ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना खातात. तेथे हबच्या उंचवट्यावर ग्रीजचा अगदी पुसट हात फिरवावा. परंतु ते सपाट तोंडांवर जाऊ देऊ नये, आणि आट्यांना तेल तर मुळीच लावू नये. तेल लावलेला नट त्याच पिळात पुष्कळ अधिक ताण देतो आणि स्टड त्याच्या मर्यादेपलीकडे ओढला जातो.

सर्व नट प्रथम बोटांनी चढवावेत. मग समोरासमोरचे नट पाळीपाळीने, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळावेत. पिळाचा आकडा गाडीच्या पुस्तिकेतील आणि चकतीसोबतच्या कागदातील घ्यावा. पान्यावर पाय देऊन उभे राहण्याची पद्धत किंवा टायरच्या दुकानातील हवेची बंदूक येथे चालत नाही. दोहोंनाही आकडा ठाऊक नसतो. नटाच्या बुडाचा आकारही चाकाच्या भोकाशी जुळावा लागतो. कुठे तो शंकूसारखा, कुठे गोलाकार, कुठे सपाट वायसराचा असतो. शंकूच्या जागी सपाट नट बसवला, तर तो कडेवर टेकतो आणि थोड्याच दिवसांत ढिला होतो. पहिल्या ५० ते १०० किलोमीटरच्या धावेनंतर सारे नट पुन्हा तपासावेत. दुसऱ्या जातीच्या चकतीत यासाठी चाक काढावे लागते, कारण तिचे स्वतःचे नट चाकाच्या आड दडलेले असतात. हे दृष्टीआडचे नट हाच तिचा मोठा दोष म्हणावा लागेल. एका आसावरील दोन्ही चाकांना जाडी सारखीच हवी, हे सांगावयास नकोच.

धोक्याच्या खुणा ओळखता येतात. नटांभोवती किरणांसारखे पसरलेले तांबूस गंजाचे ओघळ म्हणजे आत दोन तोंडे एकमेकींवर सरकत आहेत. हळू चालताना चाकातून येणारा टकटक आवाज, एका विशिष्ट वेगाला येणारी थरथर, काढलेल्या चकतीची लांबट झालेली भोके, यांपैकी काहीही दिसले तर ती चकती पुन्हा चढवू नये. आणि एक स्टड मोडला असेल, तर त्या हबचे सगळेच स्टड बदलावेत. एक मोडेपर्यंत उरलेल्यांनी त्याचा भार सोसलेला असतो.

कायद्याचा प्रश्न उरतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात हे बंधन काटेकोरपणे वाचले. २०१९ च्याच दुरुस्तीने अनुज्ञेय नसलेल्या फेरबदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. या कलमात स्पेसरचे नाव नाही. म्हणून तो सरसकट निषिद्ध आहे असे नाही, आणि सरसकट मोकळा आहे असेही नाही. प्रादेशिक परिवहन कार्यालयात आधी विचारणे आणि विमा कंपनीला लेखी कळवणे, हा सुरक्षित मार्ग. जर्मनीत अशा चकतीला तांत्रिक तपासणीचे प्रमाणपत्र लागते. पोर्शेसारख्या निर्मात्याने आपल्या काही ९११ गाड्यांना ५ मिलिमीटरच्या चकत्या लांब बोल्टांसह स्वतःच पुरवल्या आहेत. वस्तू वाईट नाही. तिच्यामागे हिशेब कोणी केला आहे, हा प्रश्न आहे. योग्य ऑफसेटची रिमच मिळत असेल, तर बेअरिंग आणि स्टिअरिंगचा प्रश्न तसाच राहतो, परंतु जास्तीचा सांधा तरी टळतो. तेव्हा दोहोंत रिम पत्करावी.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. चाक पंक्चर झाले म्हणजे ते रस्त्याकडेचा अनोळखी कारागीर काढतो. चकती आहे हे त्याला ठाऊक नसते, आणि चाकाबरोबर ती हलली तरी तो तिच्यावरच जादा चाक चढवून मोकळा होतो. यासाठी गाडीच्या पुस्तिकेत चकतीची जाडी, नटांचा पीळ आणि शेवटच्या तपासणीची तारीख लिहिलेला कागद ठेवावा. गाडी विकताना तो कागद आणि जपून ठेवलेले मूळचे नट-बोल्ट नव्या मालकाच्या हाती द्यावेत.